मॉड्यूल, सर्व्हिस प्रोग्रॅम, सिग्नेचर: एएस-४०० वरचं आयएलई सोप्या मराठीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं व्हीटीयूची डिग्री घेतात, पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात, ट्रेनिंगमध्ये जावा शिकतात आणि प्रोजेक्ट मिळतोय तो काळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांचा. एएस-४००, कंपन्यांची हिशोबाची कामं चालवणारं आयबीएमचं मशीन. आता त्याचं नाव आयबीएम आय आहे, खरं ऑफिसात अजून सगळे एएस-४०० च म्हणतात. आरपीजी भाषा पोरांना दोन-तीन महिन्यांत येते, त्यात एवढं काही नाही. अडतात ते पुढं, मॉड्यूल, सर्व्हिस प्रोग्रॅम, बाइंडिंग डिरेक्टरी, बाइंडर सोर्स, ॲक्टिव्हेशन ग्रुप हे आयएलईचे, म्हणजे या मशीनवर प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी बांधायच्या पद्धतीचे, शब्द एकदम अंगावर आले की. सीनियरला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतंय, "जुनी कमांड कॉपी कर, नाव बदल, चालतंय." आणि खरंच चालतंय, म्हणून कोणी पुढं विचारत नाही. आमच्यातला खानापूरचा एक पोरगा मात्र सोडत नाही, "अक्का, चालतंय कसं ते सांगा की," म्हणून फोन करत राहतो. त्याला जे फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते इथं एकत्र लिहिते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय हे सगळं उगीच गुंतागुंतीचं केलंय असं वाटतंय. एएस-४०० बाजारात आलं जून १९८८ ला, आयबीएमच्या रॉचेस्टर, मिनेसोटाच्या लॅबमधनं. त्याच्या आधी तिथंच सिस्टम-३८ झालं होतं आणि या मशीनच्या रचनेमागं फ्रँक सॉल्टिस यांचं नाव घेतात. मशीनमध्ये सगळं ऑब्जेक्ट. फाइल ऑब्जेक्ट, प्रोग्रॅम ऑब्जेक्ट, लायब्ररीसुद्धा ऑब्जेक्ट, आणि प्रत्येकाला एक टाइप चिकटलेला, प्रोग्रॅम टाइपच्या ऑब्जेक्टवर प्रोग्रॅमला चालतात तीच कामं करता येतात, डेटा समजून त्यात हात घालता येत नाही. त्या काळची प्रोग्रॅम करायची जी पद्धत तिला ओपीएम म्हणतात, ओरिजिनल प्रोग्रॅम मॉडेल. एक सोर्स मेंबर (कोड लिहिलेली एक फाइल धरा), कंपाइल केला की एक प्रोग्रॅम. एका प्रोग्रॅममधनं दुसरा बोलवायचा तर नावानं कॉल, मग सिस्टम लायब्ररी लिस्टमध्ये (लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायचं फोल्डर, त्यांची क्रमानं यादी) तो शोधणार, अधिकार बघणार, आणि मग चालू करणार. हे महागडं काम होतं. म्हणून लोकांनी काय केलं, कॉलच कमी केले, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलं, हजारो ओळींचे आरपीजी प्रोग्रॅम तयार झाले, आणि एकच हिशोब दहा प्रोग्रॅममध्ये दहा वेळा कॉपी-पेस्ट.

याच्यावर उपाय म्हणून १९९३ ला आयएलई आलं, इंटिग्रेटेड लँग्वेज एन्व्हायर्नमेंट, पहिल्यांदा सी भाषेसाठी, आणि १९९४ ला आरपीजी, कोबॉल, सीएल या सगळ्यांसाठी. आरपीजी-फोर पण तेव्हाचंच. तीस वर्षं होऊन गेली म्हणजे. आणि आज पण कितीतरी ठिकाणी आरपीजी-फोरमध्ये लिहून ओपीएमच्याच डोक्यानं काम चाललंय.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. समजा चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याचं ऊस बिलाचं काम या मशीनवर आहे. (मनानं बनवलेला कारखाना आहे, शोधायला जाऊ नका.) काट्यावर वजन होतंय, पावती येते, मग पंधरवड्याचं बिल. बिलात काय काय येतंय? एफआरपीचा, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, मग सोसायटीच्या कर्जाची कपात. एफआरपीचा नियम २०२५-२६ च्या हंगामाला असा आहे: साखर उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये, त्याच्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त, उतारा कमी असेल तर त्याच हिशोबानं कमी, खरं ९.५ च्या खाली गेला तरी ३२९.०५ च्या खाली दर जात नाही. म्हणजे उतारा ११ असेल तर ०.७५ टक्के वर, साडेसात टप्पे, २५.९५ रुपये वाढले, ३८०.९५ क्विंटलला, टनाला ३८०९.५०. हा हिशोब बिलाच्या प्रोग्रॅममध्ये लागतोय, पहिल्या उचलीच्या प्रोग्रॅममध्ये लागतोय, शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज जातोय तिथं लागतोय, बँकेला यादी जाते तिथं लागतोय, ऑडिटच्या रिपोर्टमध्ये लागतोय. आणि आकडे दर हंगामाला बदलतात. २०२४-२५ ला हेच ३४० आणि ३.३२ होते. पाच ठिकाणी हिशोब लिहिलेला असेल तर चार ठिकाणी बदलणार आणि पाचवा विसरणार, यात काही शंका नाही.

तर हा हिशोब आपण एका प्रोसिजरमध्ये घातला. प्रोसिजर म्हणजे उतारा आत दिला की दर बाहेर देणारा कोडचा तुकडा. तशाच आणखी दोन, तोडणी-वाहतूक काढणारी आणि सोसायटी कपात काढणारी. तिन्ही एका सोर्स मेंबरमध्ये लिहिल्या, वर कंट्रोलच्या ओळीत 'नोमेन' लिहिलं, म्हणजे यात मेन प्रोग्रॅम नाही, नुसत्या प्रोसिजर आहेत, आणि प्रत्येक प्रोसिजरला 'एक्स्पोर्ट' लावलं, म्हणजे ही बाहेरच्यांना दिसू दे. मग क्रिएट-आरपीजी-मॉड्यूल कमांड मारली. आता लायब्ररीत एक मॉड्यूल ऑब्जेक्ट आला. इथं पहिला गोंधळ. मॉड्यूल कंपाइल झालेलं असतंय, खरं चालवता येत नाही. कॉल करून बघा, होणार नाही. ते कच्चा माल आहे. प्रोग्रॅम नाहीतर सर्व्हिस प्रोग्रॅम (स्वतः कॉल न होणारा, बाकीच्या प्रोग्रॅमना आपल्या प्रोसिजर वापरायला देणारा ऑब्जेक्ट) बनवतानाच त्याचा उपयोग, त्यानंतर मॉड्यूल डिलीट केलं तरी बनलेला प्रोग्रॅम चालतच राहतोय, कारण त्यातलं सगळं आत कॉपी होऊन गेलेलं असतंय.

आणि हाच 'कॉपी' शब्द महत्त्वाचा. जोडायच्या, म्हणजे बाइंडिंगच्या किंवा बांधणीच्या, दोन तऱ्हा आहेत. मॉड्यूल प्रोग्रॅममध्ये जोडलं की कॉपी होतंय, ज्याला बाइंड बाय कॉपी म्हणतात. सर्व्हिस प्रोग्रॅम जोडला की नुसता पत्ता लिहून ठेवला जातोय, बाइंड बाय रेफरन्स. पुण्यात शिकणारी पोरं घरनं डबा बांधून नेतात की मेसला जेवतात, तसं. डबा बांधला की तो तुमच्यासोबत, घरी नंतर भाजी बदलली तरी तुमच्या डब्यात जुनीच. मेसची भाजी बदलली की त्या दिवसापासनं सगळ्यांची बदलली, आणि मेस बंद असली की सगळे उपाशी.

एफआरपीचं मॉड्यूल पाच प्रोग्रॅममध्ये कॉपीनं बांधलं तर सोर्स एकच राहिला हे कबूल, खरं दर बदलला की पाचही प्रोग्रॅम परत बनवायला पाहिजेत. अपडेट-प्रोग्रॅम नावाची कमांड आहे, तिच्यानं प्रोग्रॅममधलं एकच मॉड्यूल बदलता येतंय, पूर्ण बांधणी करावी लागत नाही, तरी पण ती पाचही ठिकाणी मारायला लागतेच. सर्व्हिस प्रोग्रॅम केला तर एका ठिकाणी बदललं की काम झालं. म्हणून माझा साधा नियम: एकाच प्रोग्रॅमला लागणारं असेल तर मॉड्यूल कॉपीनं, दोन किंवा जास्त ठिकाणी लागणारं असेल तर सर्व्हिस प्रोग्रॅम. काहीजण म्हणतात सगळंच सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये घाला. मला ते पटत नाही, प्रत्येक सर्व्हिस प्रोग्रॅम म्हणजे सांभाळायची एक वस्तू वाढली.

इथपर्यंत सगळ्यांना कळतंय. आता सिग्नेचर.

डेटाबेस फाइलचा लेव्हल चेक माहीत असेल. फाइलमध्ये एक फील्ड वाढवलं आणि प्रोग्रॅम परत कंपाइल केला नाही की सीपीएफ ४१३१ येतोय. सिस्टम म्हणते, तू कंपाइल झालास तेव्हा फाइल वेगळी होती, आता वेगळी आहे, मी उघडणार नाही. सर्व्हिस प्रोग्रॅमची सिग्नेचर म्हणजे या लेव्हल चेकचीच बहीण. सर्व्हिस प्रोग्रॅम बनताना त्यातनं बाहेर दिसणाऱ्या प्रोसिजरची नावं आणि त्यांचा क्रम यावरनं सिस्टम १६ बाइटचा एक ठसा तयार करते. बिलाचा प्रोग्रॅम त्याच्याशी बांधला जातो तेव्हा तो ठसा प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवला जातोय. मग चालायच्या वेळी, म्हणजे त्या जॉबमध्ये (एका माणसाचं लॉग-इन किंवा एक बॅच म्हणजे एक जॉब) प्रोग्रॅम पहिल्यांदा जागा होतो तेव्हा, सिस्टम बघते की माझ्याकडं लिहिलेला ठसा सर्व्हिस प्रोग्रॅमकडं आहे का. नसला की एमसीएच ४४३१, प्रोग्रॅम सिग्नेचर व्हायोलेशन, आणि प्रोग्रॅम तिथंच पडतोय.

'जागा होतो तेव्हा' हे परत वाचा. सर्व्हिस प्रोग्रॅम बदलला तेव्हा एरर येत नाही. बिलाचा प्रोग्रॅम रोज चालतोय म्हणून त्याची एरर लगेच दिसणार, तुम्ही तो परत बांधणार, झालं म्हणून घरी जाणार. हंगाम संपताना वर्षातनं एकदा चालणारा जो अंतिम बिलाचा प्रोग्रॅम आहे तो काही महिन्यांनी रात्री दोनला पडणार, आणि तेव्हा ज्यानं सर्व्हिस प्रोग्रॅम बदलला तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असणार. आयएलई नको म्हणणारे बहुतेक लोक असल्या एखाद्या रात्रीमुळंच नको म्हणतात, त्यांचं चुकतं असं नाही, फक्त दोष आयएलईचा नसतो.

दोष असतो तो बाइंडर सोर्स न लिहिण्याचा. सर्व्हिस प्रोग्रॅम बनवायच्या कमांडमध्ये एक्स्पोर्टच्या पॅरामीटरला 'ऑल' दिलं की मॉड्यूलमधलं एक्स्पोर्ट लावलेलं सगळं बाहेर दिसतंय, वेगळं काही लिहायला नको. सोपं, म्हणून सगळे तेच करतात. खरं मग एक नवीन प्रोसिजर घातली की यादी बदलली, यादी बदलली की ठसा बदलला, ठसा बदलला की जुने सगळे प्रोग्रॅम परत बांधा. बाइंडर सोर्समध्ये ही यादी आपण हातानं लिहितो. नेहमी क्यूएसआरव्हीएसआरसी नावाच्या सोर्स फाइलमध्ये ठेवतात. वाचायला साधी गोष्ट आहे:

एक्स्पोर्ट सुरू, लेव्हल करंट, सिग्नेचर 'ऊसबिल'
एक्स्पोर्ट 'एफआरपीदर'
एक्स्पोर्ट 'तोडणीवाहतूक'
एक्स्पोर्ट 'सोसायटीकपात'
एक्स्पोर्ट संपलं

(मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरात, आणि नाव कोटात लिहिलं की लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी धरली जातात. आरपीजी स्वतः नाव सगळं कॅपिटल करून सोडतंय. दोन्हीकडं जुळलं नाही की 'डेफिनिशन नॉट सप्लाइड फॉर सिम्बॉल' असं म्हणून बांधणी फसते, नवीन पोरांचा अर्धा दिवस यात जातोय.)

आता यादी वाढवायची तर दोन पंथ आहेत. पहिला पंथ सिग्नेचर सिस्टमला बनवू देतो, आणि यादी वाढली की जुनी यादी 'प्रीव्हियस' म्हणून खाली तशीच ठेवतो. मग सर्व्हिस प्रोग्रॅमकडं दोन ठसे राहतात, जुना आणि नवा, जुने प्रोग्रॅम जुन्या ठशावर चालत राहतात. मॅन्युअलला धरून आहे, सुरक्षित आहे, खरं दहा वेळा वाढवलं की दहा याद्या, मेंबर लांबच लांब होत जातोय आणि वाचणारा कंटाळतोय. दुसरा पंथ वर दाखवलंय तसं सिग्नेचर स्वतः लिहून पक्की करतो, 'ऊसबिल', आणि नवीन नाव कायम शेवटाला घालतो. ठसा कधी बदलतच नाही, म्हणून एमसीएच ४४३१ कधी येत नाही. मी दुसऱ्या पंथाची.

पण दुसऱ्या पंथात एक खड्डा आहे, तो जवळनं बघूया. बांधलेला प्रोग्रॅम सर्व्हिस प्रोग्रॅममधल्या प्रोसिजरला नावानं हाक मारत नाही, नंबरनं मारतोय. बांधणीच्या वेळी नाव बघून 'सोसायटीकपात म्हणजे तीन नंबर' असं लिहून ठेवलं जातंय, पुढं नाव कोणी बघत नाही. आता एक व्यवस्थित स्वभावाचा पोरगा आला, त्याला 'उताराचेक' नावाची नवीन प्रोसिजर घालायची होती, त्यानं विचार केला ही एफआरपीशी संबंधित आहे, एफआरपीदरच्या खाली शोभून दिसते, म्हणून दुसऱ्या नंबरला घातली. सिग्नेचर पक्की लिहिलेली, त्यामुळं सिस्टमला सगळं ठीक वाटलं. काय झालं? जुना बिलाचा प्रोग्रॅम 'तीन नंबर' म्हणून हाक मारतोय सोसायटीकपातीला, तीन नंबरला आता तोडणीवाहतूक बसलेली. दोन्ही प्रोसिजर आत एक रक्कम घेतात, बाहेर एक रक्कम देतात, प्रकार सारखाच, म्हणून एरर नाही, काही नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या बिलात सोसायटी कपातीच्या रकान्यात तोडणी-वाहतुकीचा आकडा. पडला असता तर बरं होतं म्हणायची वेळ. म्हणून बाइंडर सोर्सच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: नवीन नाव फक्त शेवटी, मधलं नाव काढायचं नाही, क्रम बदलायचा नाही. एखादी प्रोसिजर नको झाली तरी तिचं नाव यादीतनं पुसू नका, रिकामी ठेवा.

याच्याही पुढची गोष्ट, जी पुष्कळ अनुभवी लोकांनासुद्धा माहीत नसते. सिग्नेचर फक्त नावं आणि क्रम बघते. पॅरामीटर बघत नाही! फाइलचा लेव्हल चेक फील्डचा प्रकार आणि लांबी पण धरतोय, म्हणून आपल्याला वाटतंय सिग्नेचर पण धरत असणार. नाही धरत. एफआरपीदरला आज फक्त उतारा देतो. उद्या म्हटलं हंगाम पण द्यायला पाहिजे, मागच्या हंगामाची थकबाकी काढताना जुना दर लागतोय. तुम्ही दुसरा पॅरामीटर वाढवला, सर्व्हिस प्रोग्रॅम परत बनवला. जुने प्रोग्रॅम एकच पॅरामीटर पाठवणार, प्रोसिजर दुसरा वाचायला जाणार, तिथं मेमरीत जे काही पडलंय ते हंगाम म्हणून उचलणार. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम पडेल. नशीब वाईट असेल तर चालेल.

यातनं वाट दोन. एक, नवीन पॅरामीटर शेवटी आणि 'नोपास' लावून घालायचा, म्हणजे दिला तर दिला नाहीतर नाही, आणि आत किती पॅरामीटर आले ते पर्सेंट-पार्म्स फंक्शननं आधी मोजून मगच त्याला हात लावायचा. दोन, 'एफआरपीदरहंगाम' अशी नवीनच प्रोसिजर शेवटाला घालायची, आणि जुनी एफआरपीदर आतनं तिलाच चालू हंगाम देऊन बोलवू दे. मला दुसरी वाट बरी वाटते. नोपास तीन-चार झाले की आतला कोड 'आला का, नाही आला का' असल्या इफनी भरून जातोय. आणि प्रोटोटाइप, म्हणजे प्रोसिजरचं नाव-पॅरामीटर सांगणारी ओळ, ती एकाच कॉपी मेंबरमध्ये ठेवून सगळीकडं स्लॅश-कॉपीनं घ्यायची, प्रोसिजर जिथं लिहिली त्या मॉड्यूलमध्येसुद्धा, म्हणजे दोन्हीत फरक पडला तर कंपाइलरच ओरडतोय. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये प्रोटोटाइप हातानं टाइप केलेला मी बघितलाय, ते बघून डोकं फिरतंय.

बाइंडिंग डिरेक्टरीबद्दल फार काही नाही. ती नावांची यादी आहे, प्रोग्रॅम बनवताना दरवेळी वीस सर्व्हिस प्रोग्रॅमची नावं लिहायला नकोत म्हणून. सोर्सच्या कंट्रोल ओळीत तिचं नाव लिहिलं की झालं. फक्त त्यात सर्व्हिस प्रोग्रॅमच ठेवा, मॉड्यूल ठेवू नका, नाहीतर कुठं काय कॉपी होऊन बसलं ते कोणाला कळत नाही. आणि लायब्ररीचं नाव पक्कं न लिहिता लायब्ररी लिस्टवर सोडा, म्हणजे टेस्टमध्ये टेस्टचा, प्रॉडक्शनमध्ये प्रॉडक्शनचा सर्व्हिस प्रोग्रॅम आपोआप सापडतोय. पक्की लायब्ररी लिहिली की प्रोग्रॅम टेस्टमधनं प्रॉडक्शनला नेला तरी तो टेस्टमधल्याच सर्व्हिस प्रोग्रॅमकडं बोट दाखवत राहतोय.

ॲक्टिव्हेशन ग्रुप. याला लोक लई घाबरतात. जॉब म्हणजे एक वाडा धरला तर… नको, सरळच सांगते. जॉबच्या आत मेमरीचे आणि रिसोर्सचे कप्पे असतात, प्रोग्रॅमचे व्हेरिएबल, उघडलेल्या फाइली, ओव्हरराइड (या फाइलच्या जागी ती फाइल किंवा ते मेंबर उघड असं सांगणं), कमिट (डेटाबेसमधले बदल पक्के करणं) हे सगळं कुठल्या तरी एका कप्प्यात राहतंय. त्या कप्प्याला ॲक्टिव्हेशन ग्रुप म्हणतात. जॉब सुरू झाला की सिस्टमचा डिफॉल्ट कप्पा असतोच, ओपीएम प्रोग्रॅम सगळे त्यात. आयएलई प्रोग्रॅमला आपण सांगतो कुठं राहायचं: नाव दिलेल्या कप्प्यात, किंवा ज्यानं बोलवलं त्याच्या कप्प्यात म्हणजे 'कॉलर', किंवा दरवेळी नवा कप्पा म्हणजे 'न्यू', जो काम संपलं की मोडला जातो.

गंमत डिफॉल्टची आहे. पीडीएममध्ये, म्हणजे सोर्स मेंबरची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनवर, आरपीजी-फोरच्या मेंबरपुढं १४ मारलं की क्रिएट-बाउंड-आरपीजी चालते आणि तिच्यात 'डिफॉल्ट ॲक्टिव्हेशन ग्रुप: येस' असतंय, म्हणजे ओपीएमसारखंच वाग. त्यात सर्व्हिस प्रोग्रॅमच्या प्रोसिजर बोलवता येत नाहीत, कंपाइलच होत नाही. मग कोणी तरी सांगतंय 'नो' कर. नो केलं की दुसरं डिफॉल्ट येतंय, क्यूआयएलई नावाचा कप्पा. आता तुमचं ऊस बिल, पगाराचं पॅकेज, बाहेरनं विकत घेतलेलं एखादं सॉफ्टवेअर, सगळ्यांनी डिफॉल्ट घेतलं की सगळे क्यूआयएलईत एकत्र. एकानं कमिट केलं की दुसऱ्याचं पण होणार, एकानं कप्पा रिकामा केला की दुसऱ्याच्या फाइली बंद.

मी करते ते असं: प्रत्येक ॲप्लिकेशनला एक नाव दिलेला कप्पा, समजा 'ऊसबिल'. मेन्यूवरनं सुरू होणारा पहिला प्रोग्रॅम त्या नावात, बाकी सगळे प्रोग्रॅम आणि सर्व्हिस प्रोग्रॅम 'कॉलर'. आणि हे कमांडवर न सोडता सोर्सच्या कंट्रोल ओळीत लिहायचं, म्हणजे कोणी पण कंपाइल केलं तरी तेच होतंय. 'न्यू' शक्यतो नको, लूपमध्ये दहा हजार वेळा कॉल होणाऱ्या प्रोग्रॅमला न्यू दिलं की दहा हजार वेळा कप्पा बांधा आणि मोडा, बॅच तासभर लांबतोय आणि दोष डेटाबेसला देतात.

दोन जागी फसगत होते, तेवढ्या सांगते. पहिली, ओव्हरराइड. नाव दिलेल्या कप्प्यातनं फाइलला ओव्हरराइड मारलं तर ते सांगितल्याशिवाय त्याच कप्प्यापुरतं राहतंय. पुढचा प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात असला तर तो मूळ फाइलच उघडणार, चालू हंगामाच्या जागी मागच्या हंगामाचं मेंबर. दुसरी, सर्व्हिस प्रोग्रॅममधले ग्लोबल व्हेरिएबल. ते प्रोसिजर संपली तरी जात नाहीत, कप्पा जिवंत आहे तोपर्यंत राहतात. दर फाइलमधनं एकदाच वाचून ग्लोबलमध्ये ठेवला, वेग वाढला, छान. खरं सकाळी लॉग-इन करून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या माणसाच्या जॉबमध्ये दुपारी बदललेला दर पोचतच नाही. आणि सर्व्हिस प्रोग्रॅम कॉलरवर असताना दोन वेगळ्या कप्प्यांतनं बोलवला तर त्याच्या दोन प्रती जाग्या होतात, दोन वेगळे ग्लोबल, एकात जुना दर एकात नवा, एकाच जॉबमध्ये, एकाच माणसासमोर. कुठला प्रोग्रॅम कुठल्या कप्प्यात आहे ते बघायला डिस्प्ले-जॉब मारा आणि १८ नंबरचा ऑप्शन घ्या, बहुतेक भुतं तिथंच सापडतात.

आता प्रॉडक्शनला टाकताना. सर्व्हिस प्रोग्रॅम आधी, प्रोग्रॅम नंतर, हे ठरलेलं. चालू सिस्टमवर सर्व्हिस प्रोग्रॅम बदलता येतोय का? येतोय, रिप्लेस 'येस' असताना सिस्टम जुना ऑब्जेक्ट क्यूआरपीएलओबीजे नावाच्या लायब्ररीत सरकवते आणि ज्या जॉबनी तो आधीच उघडलाय ते जॉब जुनाच वापरत राहतात. त्यामुळं कोणाचं काम मध्येच पडत नाही. पण डेटा क्यूवर (प्रोग्रॅमनी एकमेकांसाठी निरोप टाकायची रांग) कान लावून बसलेला, कधीच न संपणारा बॅच जॉब असेल, आपल्या उदाहरणात काट्यावरनं वजन घेणारा, तर तो आठवडाभर जुनाच कोड चालवणार. नवीन टाकलं म्हटल्यावर असले जॉब थांबवून परत सुरू करणं हे यादीत पाहिजे. काटा बंद ठेवायचा म्हणजे गेटवर ट्रॅक्टरची रांग, तेव्हा वेळ शेतकी खात्याला विचारूनच ठरवा.

बदलायच्या आधी कोण कोण वापरतंय ते शोधणं आता सोपं झालंय. पूर्वी एकेका प्रोग्रॅमवर डिस्प्ले-प्रोग्रॅम मारून बघायला लागायचं, आता क्यूएसवायएस-टू लायब्ररीत बाउंड-सर्व्हिस-प्रोग्रॅम-इन्फो नावाचा व्ह्यू आहे, एका सिलेक्टमध्ये सगळे प्रोग्रॅम आणि त्यांच्याजवळची सिग्नेचर मिळते. वर्षातनं एकदा चालणारा तो अंतिम बिलाचा प्रोग्रॅम पण यात दिसणार. सोर्स गिटमध्ये ठेवणं, व्हीएस कोडमधनं एडिट करणं, मेकफाइलनं बांधणी करणं हे पण आता या मशीनवर नेहमीचं झालंय, आणि मेकफाइलचा खरा फायदा हाच की कुठला मॉड्यूल बदलला की काय काय परत बांधायचं ते माणसाच्या आठवणीवर राहत नाही.

किती मोठा सर्व्हिस प्रोग्रॅम करायचा याला नियम नाही. कामाच्या विषयाप्रमाणं करा, ऊस दर एक, सभासद एक, बँक एक. 'युटिलिटी' नावाचा एकच आणि त्यात तारखेपासनं जीएसटीपर्यंत दोनशे प्रोसिजर, असं करू नका, त्याला हात लावायला सगळे घाबरतात. उलट एक प्रोसिजर एक सर्व्हिस प्रोग्रॅम केलं तर प्रोग्रॅम जागा होताना शंभर ऑब्जेक्ट उठवायला लागतात, सुरुवातच रेंगाळते. आणि ऊसदर सभासदला बोलवतो, सभासद ऊसदरला, असं गोल झालं की बांधताना आधी कुठला बांधायचा हेच कळत नाही. 'अनरिझॉल्व्ड रेफरन्स चालतील' असा ऑप्शन देऊन बांधता येतंय, खरं ते जमतंय म्हणून करू नका, दोघांना लागणारं तिसऱ्यात काढा.

राहिला प्रश्न त्या पोराचा, "अक्का, आमच्याकडं तर सगळे एक्स्पोर्ट ऑलनीच केलेले हाईत, बाइंडर सोर्स कुठंच न्हाई, आता काय?" घाबरायचं कारण नाही. रिट्रीव्ह-बाइंडर-सोर्स नावाची कमांड आहे, चालू सर्व्हिस प्रोग्रॅमवर मारली की एक्स्पोर्टची यादी मेंबरमध्ये लिहून देते. डिस्प्ले-सर्व्हिस-प्रोग्रॅममधनं एक्स्पोर्ट आणि सिग्नेचर दोन्ही काढून त्या यादीशी ताडून बघ. क्रम तोच ठेवून, काहीही न वाढवता, टेस्ट लायब्ररीत सर्व्हिस प्रोग्रॅम बाइंडर सोर्सवरनं बांध आणि दोन्हीकडची सिग्नेचर शेजारी ठेवून एकेक अक्षर बघ. जुळली की तीच बाइंडर सोर्समध्ये पक्की लिहून टाक. एकही प्रोग्रॅम परत बांधायला लागत नाही, आणि पुढची नवीन प्रोसिजर शेवटाला घालायला तू मोकळा.